मागलं डावं दार

पालीच्या बाजारपेठेत तेव्हा मोटार एकच, आणि ती आप्पा शिवलकरांची. मुंबईच्या कुणा शेटनं वापरून टाकलेली, कापडी टपाची, बोटीतून रत्नागिरीच्या बंदरात उतरवलेली. ती चालवणारा विठूही असाच मुंबईहून परतलेला. येताना त्यानं पान्ह्यांची एक पिशवी आणली होती आणि त्या पिशवीहून जड असा ताठा. गावात कुणी मोटारीला नुसतं बोट लावलं तरी तो असा काही बघायचा, की त्या माणसाला घरी जाऊन हात धुवावेसे वाटत.

हा ताठा एका सकाळी पार उतरला. विठूनं परसातल्या मांगरातून गाडी काढली, घरापुढच्या खळ्याच्या वळणावर घेतली आणि मागलं डावं दार आपलं आपणच उघडलं. त्यानं उतरून लावलं. पुन्हा उघडलं. मग त्यानं दात-ओठ खाऊन आपटलं, तर ते चौकटीवर आदळून आलं तसं परत गेलं. कालपर्यंत हेच दार बोटानं लोटलं तरी लागत होतं.

एरवी विठूनं त्याला चार शिव्या हासडल्या असत्या आणि चहा पिऊन मग बघितलं असतं. पण आज या गाडीतून मालनला रत्नागिरीला न्यायचं होतं.

मालन ही आप्पांची सून. नवरा मुंबईला गोदीत. तिला सातवा सरत आला होता, उद्यापासून आठवा लागायचा, आणि आठव्यात बाईनं वेस ओलांडायची नाही ही त्या घरातली रीत. तिच्यापुढे डॉक्टरचंही चालत नसे. याआधी दोनदा मालन याच घरात बाळंत झाली होती आणि दोन्ही वेळा पाळणा रिकामाच माळ्यावर परत गेला होता. या खेपेला तिनं नवऱ्याला पत्रावर पत्रं धाडून मनासारखं करून घेतलं होतं. रत्नागिरीला मामाकडे राहायचं आणि वेळ आली की तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या हाती जायचं. आप्पांनी ‘हो’ म्हणायला फार दिवस घेतले, आणि म्हटलं तेही अशा तोंडानं, की पहिलं निमित्त मिळताच मागं घेतील. ते निमित्त आता खळ्याच्या मधोमध दार उघडं टाकून उभं होतं.

आप्पा पडवीत आरामखुर्चीवर होते. “काय झाला रे?”

“काय नाय आप्पानू. दार जरा रुसलाय.”

“आजच रुसायचा होता?”

विठूनं मनाशी वाटा मोजल्या. उतारू नेणारी रत्नागिरीची सर्व्हिस मोटार मघाशीच निघून गेली होती. बैलगाडीचे हिसके या दिवसांत मालनला झेपणारे नव्हते. राहता राहिलं हे दार.

“सुंभान आवळून टाकतंव आप्पानू. रत्नागिरीपर्यंत हालायचा नाय.”

आप्पा खुर्चीतून अर्धे उठले. “सुंभान बांधून काय नेतात, ठावं हाय ना तुला? माझी सून तशी जायची नाय.”

तिरडी आठवून विठूनं जीभ चावली. मुंबईत राहून माणूस मोटार शिकतो, पण कुठं काय बोलू नये ते विसरतो.

“ऊन त्या तुळशीला लागंपर्यंत बग,” आप्पा म्हणाले. “तोवर दार लागला तर लागला. नाय तर सामान आत घ्या. आपोआप उघडणाऱ्या दाराला काय समजायचा ते मी समजलो.” काय समजले ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

मालन उंबऱ्यात गाठोडं घेऊन उभी होती. ती एवढंच म्हणाली, “विठूभाऊ, लागंल ना?”

“लागंल वयनी. न लागून जातंय कुठं?” विठू म्हणाला.

त्यानं सदऱ्याच्या बाह्या सारल्या. आधी बिजागऱ्या पाहिल्या, कारण जुन्या गाडीचं दार बहुतेक वेळा खाली लोंबतं आणि मग खालीच अडतं. दार चौकटीशी धरून त्यानं चारी बाजूंच्या फटीतून बोट फिरवलं. फट सगळीकडे सारखी होती. मग चौकटीवरची पितळी पट्टी पाहिली, जिच्यात दाराची जीभ अडकते. तिचे स्क्रू घट्ट होते. एक पिळून पाहिला तर हाताचं कातडं निघालं, स्क्रू हलला नाही. मग राहिली ती जीभ. ती त्यानं अंगठ्यानं आत दाबली आणि सोडली. बाहेर आली खरी, पण अर्धीच. पलीकडच्या दाराची दाबून पाहिली, तर ती टणकन पुरती बाहेर. इथं मेख होती तर! विठूला हायसं वाटलं, आणि ते वाटलं तिथंच त्यानं घाई केली. फटीतून त्यानं तेलाची अख्खी कुपी आत रिकामी केली. त्यानंतर जीभ जी अर्धी येत होती ती पावही येईना.

“ऊन चाललंय हां पुढं,” पडवीतून आवाज आला.

“चालू दे की,” विठू पुटपुटला. मग त्यानं दार दोन्ही हातांनी धरून हलवलं. आतून काहीतरी खुळखुळलं. दाराच्या पोटात खुळखुळण्यासारखं काही नसतं, हे त्याला मुंबईत कुणी शिकवायची गरज पडली नव्हती. म्हणजे आत काहीतरी शिरलं होतं, आणि ते काढायचं तर दाराचं आतलं चामडी अस्तर उकलायला हवं होतं. त्या अस्तराला वर एक कप्पा शिवलेला होता, शेटलोकांनी हातमोजे नि वर्तमानपत्र ठेवावं म्हणून. विठू त्यात कधी काही ठेवत नसे. त्यानं पहिला स्क्रू काढला तेव्हा त्याच्या मागं कुणीतरी येऊन उभं राहिलं.

त्या यमुनाबाई होत्या, आप्पांच्या पत्नी. अंगानं मूठभर, आवाजानं त्याहून लहान. आप्पांच्या शब्दापुढे त्यांनी शब्द काढलेला गावानं कधी ऐकला नव्हता. रागावल्याच तर मांजरावर रागावत, आणि मग त्यालाच दूध घालत.

“विठू, तो कप्पा काढायलाच होवा काय रे?” त्यांनी हळूच विचारलं.

“होवाच काकी. का?”

“काय नाय. काढ बाबा. काढ.” आणि त्या तिथंच उभ्या राहिल्या.

अस्तर सुटलं. कप्प्याच्या मागची शिवण पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेली होती आणि त्या भोकातून दाराच्या पोटात सरळ वाट झाली होती. विठूनं आत हात घातला. बोटांना चिकटून तांदूळ आले, त्याच्याच तेलानं माखलेले. मग हळकुंड आलं. मग खोबऱ्याचा तुकडा. आणि जिभेच्या मागच्या दांड्यापाशी बोट पोचलं, तर तिथं नेमक्या बेचक्यात एक सुपारी फसली होती. गच्च. तिच्यामुळे दांडा पुढे सरकत नव्हता, आणि दांडा सरकत नव्हता म्हणून जीभ बाहेर येत नव्हती. पान्ह्याच्या टोकानं ठोसरून त्यानं ती काढली नि तळहातावर घेतली.

तांदूळ, हळकुंड, खोबरं, सुपारी. हे काय आहे ते कोकणातल्या कुठल्याही माणसाला, त्यानं मुंबईत कितीही दिवस काढलेले असोत, सांगावं लागत नाही. कुणीतरी मोटारीची ओटी भरली होती. आणि ती कुणी भरली ते विठूला मागं न वळताही कळलं.

त्यानं मूठ मिटली. कारण या घरात ओटीचं नावसुद्धा काढायची चोरी होती. मालनच्या पहिल्या खेपेला यमुनाबाईंनी हौसेनं डोहाळजेवण घातलं होतं, सगळ्या वाडीच्या बायकांनी ओटी भरली होती. दुसऱ्या खेपेलाही तसंच. दुसऱ्यांदा घर सुनं झालं त्या दिवशी आप्पांनी बजावलं, की पोर हातात येईपर्यंत सुनेची ओटी कुणी भरायची नाही, फूल माळायचं नाही, काही नाही. त्यांचा देवावर राग नव्हता. हौस केली की दृष्ट लागते, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

“काय गावला रे?” आप्पांनी विचारलं.

“दगड,” विठू म्हणाला. “चाकातनं उडाला असंल.”

दगड म्हटल्यावर सगळं मिटलं असतं. विठूनं अस्तर ठोकलं असतं, दार लागलं असतं, गाडी गेली असती. यमुनाबाईंनी फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

“दगड नाय तो,” यमुनाबाई म्हणाल्या. “विठू माझ्यासाठी खोटा बोलतोय. ओटी हाय ती. मी भरली, काल तिन्हीसांजेला.”

आप्पा उठून पायरीवर आले. “कुणाची ओटी?”

“मोटारीची.”

“मी काय सांगितला होता तुला?”

“सुनेची भरू नको म्हनालात. मोटारीची नको असा कुठं म्हनालात?”

विठूला हसू आलं आणि ते त्यानं तसंच गिळलं, कारण यमुनाबाईंचं बोलणं अजून संपलं नव्हतं. “माझ्या पोरीला पोटाशी धरून न्यायची ती. तिला मोकळी कशी धाडू? खण वर दिसला असता, म्हनून खण तेवढा ठेवला नाय.”

आप्पांचा चेहरा उतरला. राग असता तर बरं झालं असतं. “भरलेली ओटी उपसून काढलीत,” ते म्हणाले. “आता आनखी काय व्हायचा ऱ्हायला? विठू, गाडी मांगरात घाल. मालन, आत ये.”

मालननं गाठोडं खाली ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि ते विठूला बघवलं नाही.

तेव्हा यमुनाबाईंनी विठूपुढे पदर धरला. “दे ते सगळा इकडं.” त्यानं तेलकट तांदूळ, हळकुंड, खोबरं, सुपारी, सारं त्यात ओतलं. त्या पायऱ्या चढून आप्पांच्या अंगावरून गेल्या आणि सुनेसमोर उभ्या राहिल्या. “पदर पसर बाय.” मालननं सासऱ्यांकडे पाहिलं. “त्यांच्याकडं बगू नको. माझ्याकडं बग.” मालननं पदर पसरला आणि यमुनाबाईंनी तिची ओटी भरली, भर सकाळी, सगळ्यांदेखत.

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. “उपसली नाय. जिची होती तिला दिली. आता आयका. दोनदा तुमी म्हनालात तसा केला, घरीच ठेवली तिला. दोनदा तो पाळणा मी माळ्यावर चढवला. तुमी नाय चढवलात, मी चढवला. तिसऱ्यांदा मी चढवायची नाय. आज ही रत्नागिरीला जाईल, आणि मी तिच्यासंगं जाईन.”

विठूनं मुंबईत मोठमोठी माणसं पाहिली होती, शेट, साहेब, सभा गाजवणारे पुढारी. पण जन्मभर मांजरावर रागावलेली ही मूठभर बाई सांभाळून ठेवलेला सगळा जोर एकाच सकाळी काढून उभी होती, आणि विठूला वाटलं, हिच्यापुढे वाकावं. तो खरंच वाकला, पण दाराशी, कारण काम अजून उरलं होतं.

उरलेले दाणे त्यानं एकेक करून टिपले, तेल पुसलं, दांडा मागंपुढं करून पाहिला. जीभ टणकन बाहेर आली. अस्तर चढवून स्क्रू आवळले तेव्हा ऊन तुळशीवर पसरून पुढे गेलं होतं. गाठोडं मालनच्या पायाशी होतं, ते आप्पांनी उचललं आणि खाली आणून गाडीत ठेवलं.

मालन आत बसली, तिच्याशेजारी यमुनाबाई, मागल्या डाव्या दाराशी. विठू दार लावायला आला तर आप्पांनी त्याला हातानं बाजूला केलं. त्यांनी स्वतः दार धरलं आणि इतकं हलकेच टेकवलं, की ते लागलंच नाही.

“आप्पानू, जरा जोरान.”

आप्पांनी पुन्हा टेकवलं. पुन्हा तसंच, अलगद. दार परत उघडलं.

“घाबरू नका हो, काय मोडत नाय. चांगला हाणा.”

“आत ती हायत ना रे,” आप्पा म्हणाले.

यमुनाबाईंनी आतून दाराची कडी धरली. “लोटा,” त्या म्हणाल्या, “मी ओढतंय.” त्यांनी ओढलं, आप्पांनी लोटलं, आणि दार खट्कन लागलं.

आप्पांनी ते बाहेरून ओढून पाहिलं. उघडलं नाही. पुन्हा ओढून पाहिलं. विठूनं गाडी सुरू केली तरी त्यांचा हात दारावरून निघेना, तेव्हा विठूनं काही न बोलता गाडी माणसाच्या चालीनं घेतली, आणि पालीचे आप्पा शिवलकर भर बाजारपेठेतून, पायात वहाणा न घालता, दाराला हात लावून वेशीपर्यंत चालत गेले.