शनिवारची सीट

विमान-तिकिटांच्या एजन्सीत काउंटरवरच्या पृथ्वीगोलावर दोन शहरांना जोडणारा लाल दोरा ताणून बसवला होता. समुद्राच्या जरा वर, एकाच ठिकाणी तो विरला होता. गिऱ्हाइकांना मार्ग दाखवताना काउंटरवरच्या ताईंचं बोट रोज तिथूनच फिरायचं.

"नकाशावर तर सरळ रेघ आहे," समोरचे आजोबा म्हणाले. "मग विमान एवढं वर उत्तरेकडून कशाला नेता? वळसे घालून पैसे उकळायचे धंदे."

"नकाशा सपाट असतो, काका. पृथ्वी नसते. हा दोरा बघा, हाच जवळचा रस्ता."

"आणि वेळ?"

"जाताना पंधरा तास, येताना तेरा. येताना वारा पाठीशी असतो."

"पंधरा तास एका खुर्चीत? जीव गुदमरेल की."

ताई नुसत्या हसल्या. पंधरा तास कुणी हाक मारणार नाही, हे सुख आजोबांना काय सांगायचं?

घरी सासूबाई अंथरुणाला खिळल्याला सहा वर्षं झाली होती. दिवसा एक बाई येई. संध्याकाळपासून उजाडेपर्यंत दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची ती ताईंनीच. "मला नाही जमायचं ते," नवऱ्याने पहिल्याच दिवशी हात वर केले होते, ते अजून खाली आले नव्हते.

दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला लेक होती. तिचं लग्न ताईंनी फोनवर पाहिलं. आता तिला नववा महिना लागला होता. "आई, या वेळी तरी येशील ना?" "बघू गं."

व्हिसा कधीचा हातात होता. दर शनिवारी सकाळी ताई स्वतःच्या नावाने पुढच्या शुक्रवारची एक सीट धरून ठेवत; आजही धरली होती. पैसे भरले नाहीत की ती संध्याकाळी आपोआप सुटे. "ताई चालल्या परदेशी," मालक म्हणायचे, "दिवेलागणीला परत."

"भाचीचं लग्न आहे. शुक्रवारचं द्या," आजोबा म्हणाले. "तसं रविवारीही चालेल म्हणा."

मालकांनी संगणकाच्या पडद्यात डोकावलं. "शुक्रवारची शेवटची सीट आपल्याच माणसाने अडवलीय. ताई, सोडून द्या. नाहीतरी संध्याकाळी सुटणारच."

ताईंनी बोट सीट सोडायच्या बटणावर नेलं. तेवढ्यात फोन वाजला. नवरा होता.

"आईची गोळी कुठे ठेवलीस?"

"कपाटात, वरच्या खणात."

"मला नाही सापडत. आणि बाई आज लवकर जातेय. तू निघ बघू."

एरवी त्या 'आले' म्हणून पर्स उचलत. आज त्यांची नजर विरलेल्या दोऱ्यावर गेली. अजून तुटला नव्हता, पण फार दिवस टिकलाही नसता.

बटणावरचं बोट त्यांनी उचललं.

"काका, तुम्हाला रविवारचं देते. शुक्रवारच्या सीटचे पैसे आज मीच भरतेय," त्या म्हणाल्या. मग फोन कानाशी नीट धरला.

"गोळी वरच्याच खणात आहे, डब्यामागे बघा. आणि कूस कशी बदलायची ते बाई जायच्या आत तिच्याकडून शिकून घ्या. शुक्रवारी मी लेकीकडे चाललेय."