पुरण सालासकट की गाळून

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बत्ता आहे. वस्तूने आपली कहाणी सांगताना गोड बोलावे, मधूनमधून उसासे टाकावेत, अशी रीत आहे. मला ते जमणार नाही. ज्या घरात मी जन्म काढला, त्या घरातल्या माणसांनी माझे डोके पार पिकवले आहे आणि आज मी ते बोलून टाकणार आहे.

मूळचा मी म्हणजे एक फांदी. इनाच्या खोऱ्यात, गेन्सुकेच्या गोठ्यामागे एक काटेरी झाड होते, तिरफळाच्या जातीचे. एका हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने त्याची जाडजूड फांदी मोडली. गेन्सुकेचे तेव्हा नुकतेच लग्न झाले होते. त्याने ती फांदी उचलली, दोन-तीन संध्याकाळी चुलीपाशी बसून तासली आणि तिचा बत्ता केला. काटे काढले, पण त्यांच्याखालच्या गाठी तशाच ठेवल्या. हाताला पकड मिळते म्हणे. मग स्वयंपाकघरात येऊन त्याने मला नव्या नवरीसमोर, मासुएसमोर, फळीवर ठेवले. काय म्हणाला असेल? काही नाही. खाकरला आणि गोठ्यात निघून गेला. बायकोला आपल्या हाताने केलेली पहिली वस्तू देताना माणूस नुसता खाकरतो? या घरात आपले कठीण आहे, हे मी तेव्हाच ओळखले.

माझा जोडीदार म्हणजे मातीचा खल. तो आतून सगळा रेघारेघांचा. मासुए त्यात तीळ वाटायची, अक्रोड वाटायची, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा घोटायची. त्या रेघांवर मी घासला जायचो आणि दर वेळी कणभर वाटणात उतरायचो. म्हणजे बघा, या घराने मला वर्षानुवर्षे खाल्ले आहे. पूर्वी मी हातभर होतो, आता वीतभर उरलो आहे. खलाचे मात्र काही झिजत नाही. आल्यागेल्याने "काय सुंदर खल आहे हो" म्हणायचे आणि त्याने फुगायचे. बत्त्याकडे कोण बघतो!

पण माझे खरे काम हिगानचे. शरदात दिवस आणि रात्र सारखे होतात, त्या दिवसाच्या मागेपुढे आमच्याकडे पितरांचा आठवडा असतो. भात पिकून वाकलेला असतो, बांधावर लालभडक फुले येतात, चेस्टनट आपोआप फुटून खाली पडतात. लोक थडगी धुतात, पिकाबद्दल पितरांचे आभार मानतात आणि ओहागी करतात. चिकट भात थोडा कुटायचा, त्याचे गोळे करायचे आणि त्यांना लाल चवळीचे गोड पुरण लपेटायचे. पुरण आत नाही, बाहेर. भात अर्धाच कुटायचा, निम्मी शिते मोडायची आणि निम्मी ठेवायची. मासुएचा हात कुठे थांबायचे ते जाणत होता. मग लाखेच्या काळ्या डब्यात ओहागी भरून ती शेजारी तोमिएकडे द्यायला जायची आणि तोमिएच्या घरच्या घेऊन परत यायची. गावात त्या दिवशी प्रत्येक घरची ओहागी प्रत्येक घरात फिरते.

मासुएने लग्नानंतरच्या पहिल्या हिगानला पुरण गाळून केले होते. साले काढलेले, लोण्यासारखे मऊ. गेन्सुकेने एक घास घेतला आणि म्हणाला, "हा चिखल कसला? आमच्यात सालासकट करतात." झाले. पुढच्या वर्षीपासून पुरण सालासकट. दर वर्षी ती समोर बसून विचारायची, "कशी झालीय?" आणि हे महाशय दर वर्षी म्हणायचे, "पोट भरलं." अरे, पोट भरल्याचे कोणी विचारले होते? ती डबा द्यायला गेली आणि जरा उशिरा परतली, की पुन्हा कुरकुर. "डबा द्यायला गेली होतीस की डबा घडवायला?" मला तोंड असते ना, मित्रांनो, तर मी या माणसाला सोडले नसते.

पुढे त्यांची मुलगी चिझुरू नागोयाला नोकरीला लागली आणि तिने पहिल्या पगारातून आईला मिक्सर पाठवला. माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली. तिथे गंजलेले ओपनर आणि चिकट झालेले रबरबँड यांच्यात मी लोळत पडायचो. कधी बाहेर निघालो तर गेन्सुके खिडकी उघडी राहावी म्हणून मला तिच्यात अडकवायचा, नाहीतर माझ्याने घेवड्याच्या मांडवाच्या खुंट्या ठोकायचा. स्वतः घडवलेल्या बत्त्याने खुंट्या! फक्त हिगानला मासुए मला शोधून काढायची, कारण मिक्सरमध्ये चिकट भाताची खळ होते. "ये रे, तुझ्याशिवाय व्हायचं नाही," असे ती म्हणायची. या घरात माझे कौतुक एवढेच झाले.

यंदा लावणीच्या दिवसांत मासुए गेली. थोडे दिवस आजारी होती. मला तिची फार आठवण येते. हे मी एकदाच सांगतो, कारण पुन्हा सांगायला लागलो तर पुढचे राहून जाईल.

आज तिचे पहिले हिगान. चिझुरू सकाळीच आली. एका हातात नागोयाच्या दुकानातली खोकेभर ओहागी, दुसऱ्या हातात वाटेत तोडलेल्या फांद्या. तिने पितरांचा देव्हारा पुसला, बोंडांसकट चेस्टनटची डहाळी लावली, निळी रानफुले लावली, नव्या भाताच्या लोंब्यांची जुडी टांगली. गेन्सुके दारातून बघत होता.

"देव्हारा आहे की फुलवाल्याची गाडी?"

"आईला आवडायचं, बाबा."

"आणि ते खोकं कसलं?"

"ओहागी आणल्यात. चांगल्या दुकानातल्या आहेत."

"दुकानातलं घालणार तिला? पहिल्याच हिगानला?"

"मग करणार कोण? मला येत नाही. तुम्हाला तर गॅस कुठून पेटतो तेही माहीत नाही."

"चवळी शिजवायची आणि भात कुटायचा. त्यात काय मोठं?"

त्यात काय मोठं! मी आणि खल, आमचे आयुष्यात कधी पटले नाही, पण हे ऐकून दोघांनीही मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

गेन्सुकेने चवळी भिजवली, पातेल्यात घातली आणि तिच्याबरोबरच साखरही ओतली. लवकर गोड होईल म्हणे! चवळी मऊ होण्याआधी साखर घातली की ती पुढे शिजत नाही, हे या खोऱ्यातल्या कोणत्याही बाईने झोपेत सांगितले असते. पण विचारायचे कोणाला? आणि विचारले तर मान खाली जाते ना! चवळी उकळत राहिली, पाणी आटत राहिले आणि दाणे खड्यासारखे टणक. इकडे त्याने भात खलात घेतला आणि मला दोन्ही हातांनी धरून असा कुटायला लागला की जणू पुन्हा खुंट्याच ठोकतोय. अर्ध्यावर थांबायचे नावच नाही. बायकोसाठी करतोय म्हणजे जास्त कुटले पाहिजे, असा त्याचा हिशेब असावा. शेवटी भाताचा असा डिंक झाला की त्याने मला वर उचलले तर माझ्याबरोबर खलही उचलला गेला.

चिझुरू हसायला लागली. हसता हसता ओट्याला धरून खाली बसली आणि रडायला लागली.

"हसतेस काय! सोडव हे," गेन्सुके ओरडला. खल त्याच्या हातात लोंबकळत होता.

त्याच वेळी तोमिए डबा घेऊन दारात आली. तोमिए म्हणजे शेजारीण, मासुएची जिवाभावाची. तिने आधी नाक मुरडले, मग पातेल्यात डोकावून पाहिले.

"भावोजी, साखर आधी घातलीत?"

गेन्सुकेने लोंबकळता खल पाठीमागे नेला.

"मग ही आता पुढच्या हिगानपर्यंत शिजत नाही. द्या फेकून. माझ्याकडे उकडलेली चवळी आहे, ती आणते. आणि भात दुसरा लावा. या भातानं वाटलं तर गोठ्याच्या भेगा बुजवा."

ती चवळी घेऊन आली. चिझुरूने भात लावला. तोमिएने मला आणि खलाला अलग केले, घासूनपुसून ठेवले आणि पुरण शिजवायला घेतले. तिने चाळण मागितली, तशी गेन्सुकेची मान ताठ झाली.

"चाळण कशाला, वहिनी? सालासकट ठेवा. मासुएला तसंच आवडायचं."

"कोणाला?"

"मासुएला. सगळा जन्म तसंच केलं तिनं."

तोमिएने पळी खाली ठेवली. "भावोजी, ते तुमच्यासाठी केलं. तिच्या माहेरी गाळून करतात. दर हिगानला ती आमच्याकडे डबा घेऊन यायची आणि ओट्याशी उभी राहून माझ्या दोन ओहागी खायची. गाळलेल्या. बस म्हटलं तर बसायचीसुद्धा नाही. उशीर झाला तर आमचे हे कुरकुरतील, म्हणायची."

म्हणजे उशीर यासाठी व्हायचा! मित्रांनो, हे मलाही माहीत नव्हते. मला कोणी शेजारी नेत नसे.

"आई मला कधी बोलली नाही," चिझुरू हळूच म्हणाली.

"तू कधी विचारलंस?"

चिझुरूने भाताच्या भांड्याकडे बघितले. गेन्सुकेचा चेहरा मात्र रागाने लाल झाला होता. कोणावर रागावायचे ते त्यालाच कळत नव्हते.

"मला एकदा सांगायचं ना तिनं! मी काय खाल्लं असतं तिला?"

"सांगितलं होतं की. पहिल्याच वर्षी करून वाढलं होतं. तुम्ही चिखल म्हणालात."

"मी? मी कधी म्हणालो?"

म्हणालास! मी तिथेच होतो! खलाच्या काठाला टेकून उभा होतो आणि तिचा चेहरा उतरलेला बघत होतो. पण बत्त्याचे कोण ऐकणार?

गेन्सुके दारापर्यंत गेला. मग देव्हाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तिथं माझे वडील आहेत. आजोबा आहेत. या घरात कधी गाळलेलं चढवलेलं नाही. त्यांना काय सांगू?"

"आजोबा एक वर्ष चालवून घेतील, बाबा," चिझुरू म्हणाली. "आईनं सगळा जन्म चालवून घेतलं."

 फळीवरची चाळण गेन्सुकेने स्वतः काढली, पातेल्यावर ठेवली, तिच्यात चवळी ओतली आणि मला हातात घेतले. दुपारभर आम्ही दोघे ती चवळी चाळणीवर घासत होतो. साले वर राहत होती, मऊ गर खाली पडत होता. मधूनमधून चिझुरू पाणी सोडत होती. तोमिए आपले हातपाय धुवून घरी गेली होती, जाताना सांगून गेली होती की साखर नंतर, चिमूटभर मीठ सगळ्यात शेवटी. काम किचकट होते. पाठ भरून येत होती. तेवढ्यात गेन्सुके थांबला आणि मला उलटसुलट करून बघायला लागला.

"याच्या गाठी कुठं गेल्या? मी ठेवल्या होत्या. चांगल्या टोकदार होत्या."

"कधी होत्या? मी लहानपणापासून गुळगुळीतच बघतेय," चिझुरू म्हणाली.

त्याने माझ्यावरून अंगठा फिरवला. या गाठींमुळे मासुएच्या तळहाताला पहिली दोन वर्षे फोड येत होते. तिने ते कधी दाखवले नाहीत आणि याने कधी विचारले नाही. गाठी तिच्या हाताने झिजल्या. आता त्याला कळले असावे, कारण त्यानंतर तो मला जरा हलक्या हाताने धरायला लागला. उशीर किती व्हावा, याला काही मर्यादा!

संध्याकाळी ओहागी झाल्या. एकही गोल नव्हती. काही बटाट्यासारख्या, काही बसकट, पण पुरण खरेच लोण्यासारखे उतरले होते आणि भात या वेळी अर्धाच कुटला होता, कारण चिझुरू शेजारी उभी राहून "बास, बाबा, बास" म्हणत होती. चांगल्यातल्या चांगल्या दोन निवडून त्याने देव्हाऱ्यात मासुएच्या फोटोपुढे ठेवल्या. दुकानातले खोके वडील-आजोबांपुढे गेले. उदबत्ती लावली, छोटी घंटा वाजवली, दोघांनी हात जोडले. स्वयंपाकघर आणि ती खोली यांच्यामध्ये एक सरकते दार आहे. ते उघडेच होते, म्हणून मला सगळे दिसत होते.

मग गेन्सुकेने उरलेल्यातली एक उचलली आणि खाल्ली. सावकाश खाल्ली. चिझुरू त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही आवडलं," तो फोटोला म्हणाला. "मला हे चिखलासारखंच लागतं."

"बाबा!"

"खरं तेच सांगतोय तिला." त्याने हात पुसले. मग पुन्हा फोटोकडे बघितले आणि एवढ्या हळू आवाजात बोलला की मला कान देऊन ऐकावे लागले. "तुझ्या छान व्हायच्या. दर वर्षी छान व्हायच्या."



मित्रांनो, मी इथे सिंकमध्ये पडलो आहे आणि माझ्या अंगावरचा भात वाळत चालला आहे. आत दोघे रडत बसले आहेत, त्यांना उठवायचे माझ्याच्याने होत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. बत्ता वापरून झाला की लगेच धुवा. भात ओला असतो तोवर नुसत्या पाण्याने निघतो, वाळल्यावर नखाने खरवडला तरी निघत नाही. आणि जेवण चांगले झाले असेल तर तोंडातला घास गिळायच्या आत सांगा. मासुए दर वर्षी समोर बसून विचारत होती. तिला एवढेच ऐकायचे होते.