पूजेतली पिवळी दोरी

"गेल्या दहा महिन्यांत जुळणीचा पट्टा दोषामुळे एकदाही थांबवावा लागला नाही; जपानी मनोवृत्ती आपल्या मातीत रुजल्याचा याहून मोठा पुरावा नाही." नागापूर एमआयडीसीतल्या एका फवारणी पंपांच्या कारखान्याच्या वार्षिक अहवालात हे वाक्य पहिल्याच पानावर, संचालक आप्पासाहेबांच्या हसऱ्या छायाचित्राखाली छापले होते.

पट्टा थांबला नव्हता, एवढे खरे होते. तो का थांबला नाही, हे कळायला पिवळ्या दोरीची हकिकत ठाऊक हवी.

आप्पासाहेब आठ दिवस जपानला जाऊन आले आणि त्यांनी पट्ट्याच्या वर ही दोरी टांगली. मालात खोट दिसली की कोणत्याही कामगाराने ती ओढायची, पट्टा थांबायचा. प्रमुखाने येऊन ओढणाऱ्याचे आभार मानायचे, मग पाच वेळा 'का' विचारत दोषाच्या मुळाशी जायचे, आणि उत्तरे शब्दशः नोंदवायची. भिंतीवरच्या फलकावर हे सारे ठळक अक्षरांत रंगवले होते. कल्पना उत्तम होती. मात्र दोरी टांगल्यावर तिसऱ्याच दिवशी खंडेनवमी आली. यंत्रांना हळदकुंकू लागले तसे दोरीलाही लागले. तिला झेंडूची माळ चढली. नारळ आप्पासाहेबांनी स्वहस्ते फोडला. पूजेतल्या वस्तूला हिसका कोण देणार? पुढे झेंडू वाळून गळाला, माळेचा दोरा तेवढा उरला, आणि कामगार येता-जाता दोरीला हात जोडू लागले. अहवालाने या भक्तीचे नाव मनोवृत्ती ठेवले.

फैयाज शेखच्या हाती हा अहवाल शुक्रवारी पडला. फैयाज कंपनीचा विक्रेता. अकरा वर्षे दर शनिवारी तो काष्टीच्या बाजारात लिंबाखाली सतरंजी टाकून बसत होता. नवा पंप विकायचा आणि आधी विकलेला बिघडला असेल तर तिथेच नीट करून द्यायचा, ही त्याची रीत. आप्पासाहेबांनी जपानहून आणून सगळ्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या अर्जात 'जगण्याचे प्रयोजन' असा एक रकाना होता. त्यात त्याने 'काष्टीचा शनिवार' असे लिहिले; आप्पासाहेबांनी ते खोडून 'विक्री दुप्पट' अशी दुरुस्ती केली. एप्रिलपासून मात्र त्याचा शनिवार टाकीच्या झाकणातले वॉशर बदलण्यातच सरू लागला. त्याने तीनदा लेखी कळवले. उत्तर एकदाच आले: नकारात्मक विचार टाळावेत.

दुसऱ्या दिवशी बाजारात मनकर्णाबाई आल्या. पाच एकर कांदा करणारी, मोजके बोलणारी बाई. पंप सोबत नव्हता, हात मोकळे होते.

"भाऊ, पंप माघारी द्याया न्हाई आले. औषद गळून आमच्या मालकाची पाठ सोलून निघालीया. चार दिस झालं, दवाखान्यात पालथं पडल्यात."

"ताई, आत्ता वॉशर बदलून देतो."

"मागल्या म्हयन्यात बी बदलला की तुमी. पंप ऱ्हाऊ द्या. तुमच्या शब्दावर घेतला हुता, त्यो शब्द तेवढा माघारी न्या. आन पंप का गळतो त्याचं जवर उत्तर न्हाई, तवर हितं बसू नगा."

शेजारचे तिघे-चौघे ऐकत होते. कोणी त्यांना आवरले नाही. फैयाजने सतरंजी गुंडाळली.

सोमवारी सकाळी तो पट्ट्यापाशी आला आणि दोरीखाली त्याने चपला काढल्या.

"फैयाजभाई, पूजेतली हाय ती," वॉशर बसवणारा कानिफनाथ म्हणाला.

"म्हणून तर चपला काढल्या."

"साहेब लई तापतील."

"फलकावर तर आभार मानतील असं लिहिलंय."

त्याने दोरी ओढली. माळेचा दोरा तुटला आणि पट्टा थांबला. आप्पासाहेब धावत आले, तेव्हा सारे कामगार फलकाकडे पाहत होते. त्यांनाही पाहावे लागले.

"आभारी आहे," ते म्हणाले. सुरक्षारक्षकाला हाक मारावी तसा सूर होता. गुणवत्ता विभागातल्या सुकन्याने नोंदवही उघडली. "का थांबवला?"

"पंप गळतो, साहेब."

"का गळतो?"

"झाकणातला वॉशर औषधानं चिरतो."

"का चिरतो?"

"एप्रिलपासून पातळ येतोय," कानिफनाथ म्हणाला आणि त्याने एक वॉशर दोन बोटांत धरून सहज तोडून दाखवला.

"पातळ का येतोय?" हा प्रश्न तोंडातून निसटला, तेव्हाच आप्पासाहेबांचा चेहरा पडला.

सुकन्याने मान वर केली नाही. "खरेदीचा आदेश बदलला, सर. सही आपली आहे."

"बरं. पट्टा सुरू करा."

कानिफनाथने दोन्ही हात पाठीमागे बांधले. इतरांनीही.

"फलकावर पाच आहेत, साहेब, चारच झाले," फैयाज म्हणाला. "मला शनिवारी काष्टीत तोंड दाखवायचंय. पाचवा मी विचारतो. सही का केलीत?"

आप्पासाहेबांनी आपणच रंगवून घेतलेला फलक पुन्हा एकदा वाचला. मग, एवढी साधी गोष्ट समजवावी लागते याचेच नवल वाटल्यासारखे, ते शांतपणे बोलले. सुकन्या लिहीत होती.

शनिवारी लिंबाखाली फैयाजने सतरंजी अंथरली नाही. नोंदवहीच्या पानाची प्रत त्याने मनकर्णाबाईंपुढे धरली.

"वाचा तुमीच," त्या म्हणाल्या.

त्याने उभ्यानेच वाचले:

"वॉशर पातळ आहे हे मला माहीत होतं. पंप गळणार हेही माहीत होतं. पण काष्टीला आपला फैयाज बसतो, तो नीट करून देतो, हेही माहीत होतं."