आधी ओझं उतरायचं

गुदगुल्या म्हटलं की लोकांना लहान मूल आठवतं. राजलक्ष्मीला भीती आठवायची, आणि ती भीती तिला हवी असायची. लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी तिने हे नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तिचे कान तापले होते. विश्वजित हसला नाही. रबाळ्याच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर होता. कुठलंही यंत्र सुरू करण्याआधी ते बंद कसं होतं, हे विचारायची त्याला सवय. त्याने तेच विचारलं. थांबवायचं कसं?

प्रश्न खरा होता. त्या खेळात ती ‘नको’ म्हणायचीच, त्यामुळे ‘नको’ला तिथे काही किंमत नव्हती. हसण्याचा तर मुळीच भरवसा नाही. घाबरलेलं माणूसही गुदगुल्यांनी हसतं. चेहरा मजेत दिसतो आणि आतला जीव दाराकडे पळत असतो. स्वतःच स्वतःला गुदगुल्या होत नाहीत. दुसऱ्याचा हात लागतो, आणि तो कुठे पडेल ते ठाऊक नसावं लागतं. तिला हवं होतं ते हेच. शाळेतली नोकरी, घर, सासरची माणसं, सगळं दिवसभर तिच्या मुठीत. ती मूठ कोणीतरी उघडावी, पण ती पुन्हा कधी मिटू द्यायची हेही त्याला कळावं.

मग तिने आबांच्या कामातली एक रीत सांगितली. तिचे वडील कोंडिबा तुर्भ्याच्या बाजारात माथाडी. त्यांच्या टोळीत ठरलेलं होतं: पाठीवर गोणी असली की हमालाची छाती दबते, बोलता येत नाही, झेपेनासं झालं की त्याने मांडीवर दोनदा हात मारायचा. ऐकणाऱ्याने गोणी उचलायची. “आधी ओझं उतरायचं,” आबा म्हणायचे, “चौकशी मागनं.”

विश्वजितने ती रीत उचलली. जमिनीवर चटई, मनगटांना सैल ओढणी, तळहात मोकळे. फरशीवर हात दोनदा वाजला की त्याचे हात वर. चारचौघांत ती त्याला अहो म्हणायची, त्या खोलीत विश्वा. तो कधी चुकला नव्हता.

आबा गेले त्याला दीड महिना होत आला होता. राजलक्ष्मी रडली नव्हती. दहाव्याला कावळा शिवला तेव्हा बायकांनी हंबरडा फोडला, ती पत्रावळी मांडत राहिली. एका रविवारी दुपारी तिनेच कपाटातून ती ओढणी काढली. विश्वजितने काचकूच केली, हे आत्ता कशाला म्हणाला. आत काहीतरी घट्ट बसलंय, ते हलायला हवं, असं तिने सांगितलं. आणि वर चिडवलंही, “सुपरवायझरसाहेबांची आज सुट्टी वाटतं?”

चटई धुऊन गॅलरीत वाळत टाकली होती, म्हणून ती पलंगावरच आडवी झाली. पलंग नवा, फोमची गादीही नवी. दोघांच्याही डोक्यात काही आलं नाही.

पहिलं हसू फुटलं तेव्हा तिला बरं वाटलं. किती दिवसांनी. मग हसता हसता श्वास आत येईना, घशात घरघर झाली, आणि तो आवाज तिने ओळखला. दवाखान्यात शेवटच्या दिवशी आबांच्या घशातून येत होता, तो. तिने हात आपटला, दोनदा.

बोटं बरगड्यांवरून फिरतच राहिली.

तिने पुन्हा आपटला, जीव खाऊन. गादीने तोही आवाज गिळला. विश्वजित तिच्याकडे बघून हसत होता, कारण ती हसत होती. “नको,” ती म्हणाली, आणि हा शब्द आपणच निकामी करून ठेवलाय हे तिला आठवलं. मग सगळ्यात वाईट विचार आला: ह्याने ऐकलंय, आणि तरी हा थांबत नाहीये. रोज एका ताटात जेवणारा माणूस तिला क्षणात परका दिसला. तिने पाय आडवा झाडला. टाच लोखंडी कपाटावर बसली. पत्रा दणाणला, पुन्हा दणाणला.

त्याचे हात वर गेले. हसू अजून चेहऱ्यावर तसंच होतं, हात आधी गेले. मग त्याने गाठ सोडली आणि लांब जाऊन उभा राहिला. ती भिंतीला चिकटली.

“आधी ऐकलं नाहीस?”

“आधी कधी?”

त्याने तिच्या तळहाताच्या जागी स्वतःचा हात आपटून पाहिला. काहीच वाजलं नाही. त्याचा चेहरा पडला. तो स्वयंपाकघरात गेला, चहा ठेवल्याचा आवाज आला.

राजलक्ष्मी गादीकडे बघत राहिली. खरं बोलला असेल. पण खरं कळायचं कसं? कोपरखैरण्याला आईकडे निघून जावं असं मनात आलं, आणि जाऊन सांगणार काय? ती खाली उतरली, उघड्या फरशीवर बसली. फार जोर लावला नाही. तळहात दोनदा टेकवला, इतकंच.

आत पातेलं आदळलं. विश्वजित दारात आला. पायावर चहा सांडला होता, कातडी लाल झाली होती, दोन्ही हात कानांशी वर होते. त्याने काय झालं विचारलं नाही. तसाच उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

भीती गेली नव्हती. पण तिच्या घशातली घरघर सुटली आणि ती रडायला लागली, आबांचं नाव घेऊन, मोठ्याने. ती ‘ये’ म्हणेपर्यंत त्याने हात खाली घेतले नाहीत.