समासातला शेरा

उदयने कढीचं भांडं टेबलावर जरा आपटूनच ठेवलं, पण कुणाचं तिकडे लक्ष गेलं नाही. श्रीनिवासराव हातातला घास तसाच धरून लेकीचं बोलणं ऐकत होते.

"चाळीस मिनिटं, बाबा," मालविका सांगत होती. "शिफ्ट संपली की झडतीसाठी बाहेर क्यूमध्ये उभे राहतात. कुणी हिरा लपवला नाही ना, ते बघायला. स्नो पडत असला तरी. आणि तो टाइम अनपेड आहे."

"अजून?"

"अजून."

श्रीनिवासरावांनी घास ताटात ठेवला. "बरं झालं, तू गेलीस," ते म्हणाले.

उदयच्या अंगाचा तिळपापड झाला. आफ्रिकेतल्या लेसोथोच्या डोंगरातली ही घरची हिऱ्यांची खाण तेरा वर्षं तो सांभाळत होता, इथल्या, इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या ऑफिसातून आणि वर्षातून चार खेपा तिथे घालून. आणि लंडनमध्ये वकिली करणारी ही धाकटी बहीण पंधरा दिवस काय जाऊन आली, कामगारांबरोबर रांगेत काय उभी राहिली, लगेच शहाणी ठरली. आयत्या बिळावर नागोबा! लहानपणीही असंच. शाळेची सर्टिफिकेटं दोघांना मिळायची, फ्रिजवर लागायचं ते मालूचं.

आज जेवणं झाली की बाबा नवा चेअरमन ठरवणार होते. साइडबोर्डवर कागद तयार होता, नावाची जागा तेवढी कोरी होती. त्या 'बरं झालं'नंतर तिथे कुणाचं नाव पडणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"यात नवीन काय आहे?" उदय म्हणाला. "मी हे चौदा वर्षांपूर्वी सांगितलंय. रायटिंगमध्ये."

"खरंच, दादा?"

"यांनाच विचार. नाही म्हणाले."

"मी नाही म्हणालो?" श्रीनिवासरावांनी चष्मा सारखा केला.

उदय उठून वर गेला. फाइल सापडायला वेळ लागला नाही. एकपानी इंग्रजी पत्र, झडतीच्या रांगेतल्या वेळेचा पगार कामगारांना द्यावा म्हणून. जिना उतरता उतरता त्याने ते वाचून काढलं. चांगलं लिहिलं होतं. मालूपेक्षा चांगलं.

पत्राच्या समासात लाल शाईच्या तीन ओळी होत्या. बाबांची ही जुनी खोड. कागद कुठल्याही भाषेतला असो, शेरा मराठीत. इथेच जन्मलेल्या उदयला मराठी बोलता यायचं, पण बाबांचं ते घाईचं अक्षर त्याला लागायचं नाही. आई होती तोवर ती शेरे वाचून दाखवायची. हा मात्र त्याने तिलाही दाखवला नव्हता. होकाराला तीन ओळी कशाला लागतात? आणि नकार आईच्या तोंडून कशाला ऐकायचा? तेव्हा त्याने पत्र फाइलला लावलं आणि बाबांवर धुसफुसत राहिला. पुढच्याच वर्षी बाबांनी सगळा कारभार त्याच्या हाती दिला. मग राग गेला. पत्रही मागे पडलं.

त्याने ते मालविकापुढे धरलं. "वाच. चाळीस नाही, पंचेचाळीस मिनिटं. हिवाळ्यात तासभर."

तिने सावकाश वाचलं. "दादा, धिस इज रिअली गुड," ती म्हणाली आणि ते तिच्या मनातलंच होतं. सकाळपासून पहिल्यांदा उदयला बरं वाटलं. त्याने स्वतःला कढी वाढून घेतली.

तेवढ्यात तिची नजर समासाकडे गेली. तो शनिवारी क्रिकेटला जायचा तेव्हा ती वेम्बलीच्या मराठी शाळेत बाराखडी गिरवायची. ओळीखाली बोट सरकवत, अडखळत ती वाचू लागली.

"'मागणी... रास्त आहे. मला सुचलं नाही, याची लाज वाटते. पुढच्या वर्षी खाण... तुझ्या हाती देतो. पहिला हुकूम हाच काढ.'"

उदयने कढीची वाटी खाली ठेवली.

"मला वाटलं, काढलास," श्रीनिवासराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मंडळात, लग्नाकार्यात, जो भेटेल त्याला सांगत आलो मी. माझ्या उदयने आल्या आल्या पहिलं काम हे केलं म्हणून."

"बाबा, मला वाटलं तुम्ही नाही म्हणालात."

"मग तेरा वर्षं मालक कोण होतं?"

मालविकाने पत्राची घडी घातली, उदयच्या ताटाशेजारी ठेवली आणि खिडकीकडे बघत बसली. तिने जिंकल्यासारखं एकदा जरी पाहिलं असतं, तर त्याला सोपं गेलं असतं.

तो उठला. साइडबोर्डवरचा कागद आणि बाबांचं पेन आणून त्याने बहिणीपुढे ठेवलं.

"हुकूम काढशील तेव्हा पंचेचाळीस लिही," तो म्हणाला. "चाळीस नाही."