दोन साडूंमधला अँटी

मी अँटी. दचकू नका, तुमच्याशी माझं काही वाकडं नाही. मी एक शब्द आहे, इंग्रजीतून आलेला, आणि तुमच्या नाशिक जिल्ह्यात मी आता चांगला मुरलोय. माझ्याबद्दल तुम्ही बरं काही ऐकलं नसणार. आज माझी बाजू ऐका.

माझा जन्म फार लांबचा, ग्रीक लोकांच्या मुलखातला. तिथून इंग्रजीत आलो, पण त्या घरी मला स्वतःची खोली कधी मिळाली नाही. दुसऱ्या शब्दाच्या पुढ्यात उभं राहायचं आणि त्याला आडवं जायचं, एवढंच काम. नाशकात द्वारका चौकातल्या एखाद्या मेडिकलात डोकावलात तर मी गोळ्यांच्या पाकिटावर दिसेन, अँटीबायोटिक म्हणून. कुत्रं चावलं की अँटीरेबीज. साहेबाने टेबलाखालून हात पुढे केला की अँटीकरप्शन. कॉम्प्युटरला रोग लागला की अँटीव्हायरस. एकट्याने कुठे जायची सोय नाही.

मला मोकळं केलं ते चांदवड तालुक्यातल्या माणसांनी. ग्रामपंचायतीची कुठलीशी निवडणूक होती आणि पारावर कोणीतरी तंबाखू मळत म्हणालं, "तो अँटी हाय." बस. मागे जंतू नाहीत, पुढे लाच नाही, नुसता मी. माणसं त्या वाक्यावर माना डोलवत होती आणि मी आनंदाने फुगलो होतो. पुढे तर 'अँटी पार्टी' झाली, 'अँटीतला' झाला, 'अँटीला जाऊन मिळाला' झालं. इंग्रजीने जे जन्मात दिलं नाही, ते या कांद्याच्या गावाने देऊन टाकलं.

पण सुखाने राहू देईल तर तो 'आपला' कसला!

हा 'आपला' म्हणजे माझा जन्माचा वैरी. गावात माणूस एक तर आपला असतो, नाही तर अँटी. आपला म्हटलं की खाट टाकली जाते, चहात साखर जास्त पडते, जाताना पिशवीत शेंगा भरून देतात. मी आलो की दार लोटून घेतात. या 'आपला'कडे काय आहे हो? ना तो कधी परदेशी गेला, ना औषधाच्या पाकिटावर छापून आला. तरी त्याचं कौतुक! मला त्याचा हेवा वाटतो. लपवून काय करू?

त्याला एकदा तरी खाली पाडायचं, अशी माझी फार इच्छा होती. ती संधी मला धोंडीरामच्या घरात मिळाली.

धोंडीराम आणि यादव हे सख्खे साडू. कुसाबाई आणि चिमणाबाई या दोन बहिणी एकाच गावात दिलेल्या, शेताला शेत लागून. चिमणाबाईला मुलगी नाही, त्यामुळे कुसाबाईची हर्षाली अर्धी मावशीकडेच वाढली. मागच्या निवडणुकीत यादव दुसऱ्या पॅनेलमध्ये गेला आणि धोंडीराम थोडक्यात पडला. त्या दिवसापासून धोंडीरामच्या घरात यादवचं नाव बंद झालं. त्या जागी मी बसलो. अँटीचा ट्रॅक्टर गेला, अँटीच्या विहिरीला पाणी लय हाय, अँटीचे कांदे सडले ते बरं झालं. अँटीचं कुत्रं मात्र रोज भाकरीला यायचं, कारण निवडणूक झाल्याचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

गंमत म्हणजे यादवच्या घरीही मीच. तिकडे धोंडीराम अँटी. एकाच बांधाच्या दोन्ही बाजूंना माझा मुक्काम, आणि 'आपला' दोन्ही घरांतून हद्दपार. काय सांगू, ते दिवस फार गोड होते.

फक्त एक कुसाबाई मला तोंडात घ्यायची नाही. ती "चिमीचं घर" म्हणायची. मी तिच्या जिभेवर चढायला कितीदा गेलो, पण ती पदराने तोंड पुसायची आणि भांडी घासायला बसायची.

मग हर्षालीचं लग्न ठरलं. आमच्याकडे जवळच्यांना चूलबंद आवतण देतात, म्हणजे त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी लग्नघरीच जेवायचं. धोंडीरामने सगळी भावकी फिरून आवतणं दिली. यादवचं घर तेवढं ओलांडलं. हर्षाली दोन दिवस नीट जेवली नाही. तिला मावशीच्या हातची हळद हवी होती, तिचं बाकी काही मागणं नव्हतं.

हळदीच्या सकाळी कुसाबाईने विषय काढला. धोंडीराम मांडवाचे बांबू तपासत होता. तो तिच्याकडे न बघताच म्हणाला, "अँटीला आवतण नाय. एकदा सांगितलं ना."

वा! मी मांडवाच्या शेंड्यावर चढलो. 'आपला' कुठे तोंड लपवून बसला होता कोण जाणे.

कुसाबाई उभी राहिली. हातातलं कुंकवाचं ताट तिने सरळ धरलं.

"चिमी माझ्या पाठची," ती म्हणाली. "ती अँटी आसंल, तर मला बी अँटीत धरा. मांडवात तुमची पार्टी घेऊन बसा तुम्ही."

एवढं बोलून ती निघाली. आणि मी, खरं सांगतो, हरखून गेलो. जिने मला कधी जवळ केलं नव्हतं, तिने चारचौघांत माझं नाव घेतलं होतं! वाटलं, आता ही माझी झाली. बांधावरून तिच्यासोबत मीही चिमणाबाईच्या दारापर्यंत गेलो. तिथे ती मला पुन्हा उच्चारेल म्हणून वाट बघत राहिलो.

चिमणाबाई अंगण झाडत होती. बहिणीला बघून तिच्या हातातला झाडू थांबला.

"दाजींना चालंल का, आक्का?"

"तू चल. पोर थांबलीय."

बस, एवढंच. मी तिच्या जिभेवर होतो तसाच राहिलो आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मला घेऊन कधी कोणी असं रडलं नाही.

हळद लागली. पहिला हात मावशीचा. हर्षालीचे गाल पिवळे झाले आणि चिमणाबाईचे ओले. धोंडीराम कोपऱ्यात पाहुण्यांजवळ बसला होता. तेवढ्यात मालेगावहून आलेल्या वरपक्षाच्या एका म्हाताऱ्याने फाटकाकडे बोट दाखवलं. बाहेर यादव उभा होता. बायको आत गेली होती, पण त्याला कोणी ये म्हटलं नव्हतं, आणि घरी जावं तर चूल बंद.

"ते कोण हो?" म्हाताऱ्याने विचारलं.

मी धोंडीरामच्या ओठांवर तयारच होतो. त्याने मुलीकडे बघितलं, मग फाटकाकडे.

"ते आमचे साडू," तो म्हणाला. "अँटीत असतात. पण आपले हायेत."

आणि स्वतः उठून फाटकाकडे गेला.

एकाच वाक्यात आम्ही दोघं पहिल्यांदा शेजारी बसलो. पण मधल्या 'पण'ने मला मागे ढकललं, आणि शेवटी 'आपला'च आरामात पाय पसरून बसला. यादव आत आला, त्याच्याही गालाला कोणीतरी हळद फासली. मी बघत राहिलो.

आता माझं वय झालंय असं म्हणणार नाही, कारण पुढची निवडणूक आहेच. तेव्हा मला बोलवा. पारावर, चहाच्या टपरीवर, ट्रॅक्टरच्या भोंग्यावर हवा तितका वापरा, मी धावत येईन. फक्त हळदीच्या दिवशी मला मांडवात नेऊ नका. तिथे मला कोणी हळद लावत नाही, आणि दुसऱ्याला लावलेली मला बघवत नाही.