पहिली फणी

केळ्यावरचा तो वाटोळा हिरवा कागद इंदुमतीबाईंच्या नखाखाली आला आणि अर्धाच सुटला... कंपनीचं नाव मधोमध फाटलं. पण केळं ओळखायला त्यांना नावाची गरज नव्हती — आखूड, गुबगुबीत, पातळ सालीचं, आणि टोकाला वाळलेल्या फुलाची काळी शेंडी अजून तशीच. हे डोंगरातलं. हे पार्वतीचं.

"ओळखलंत ना, मावशी?" परीक्षित सोफ्यावर पुढे सरकून बसला होता. "आपलंच! मानेसरच्या लॅबमध्ये रोपं केली, आता साउथला हजार एकर लागलंय. हा फ्लॅट त्याच्याच जिवावर, बिल्कुल!"

आपलंच... खिडकीबाहेर गुडगावचे नवे मनोरे, निम्मे अजून बांबूंत उभे. दिल्लीत त्यांच्या हाताखाली काम शिकणारं, मुनिरक्याच्या खोलीतून दर रविवारी जेवायला येणारं हे पोर, डिपार्टमेंटात मॅडम म्हणायचं आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की मावशी. सहा वर्षांपूर्वी पुण्याची बहीण आजारी पडली, दोन महिने तिकडेच गेले, तेव्हा लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरची किल्ली त्यांनी दुसऱ्या कुणाकडे दिली नाही. मागच्या दारच्या केळीला पाणी घाल, एवढंच. त्यानं घातलं. परत आल्यावर बुडाशी माती उकरलेली दिसली, तर इंदुमतीबाईच म्हणाल्या होत्या — किती मायेनं माती भुसभुशीत केलीस रे! आणि त्यानं मान खाली घालून दुसरी पोळी वाढून घेतली होती. मी किल्ली दिली होती तुला, बुडाचा कोंब खणून न्यायला फावडं नव्हतं दिलं, त्यांच्या मनात आलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि वर हा शाबासकीची वाट पाहतोय.

त्याच्याही काही वर्षं आधी, कामासाठी गेल्या तेव्हा, दक्षिणेतल्या पार्वतीच्या उतारावर चालताना त्यांना धाप लागली होती. कॉफीच्या झुडपांवर केळीची सावली, केळीच्या पायाशी घेवडा, भोपळ्याचे वेल; पार्वतीच्या सासूनं लावलेलं बेट तीस वर्षं जागचं हललं नव्हतं. पार्वतीनं बुडाशी फुटलेला एक मुनवा, म्हणजे केळीचा कोंब, कोयत्यानं अलगद वेगळा करून इंदुमतीबाईंच्या हाती दिला, आणि दुभाष्याकडे न पाहता थेट त्यांच्याकडे पाहत तमिळमध्ये दोन गोष्टी सांगितल्या. मुनवा विकायचा नसतो, द्यायचा असतो. आणि ज्याला दिला त्याच्याकडे घड आला की पहिली फणी देणाऱ्याच्या दारी यायची. इंदुमतीबाईंनी तिचा मातीनं भरलेला हात धरला होता आणि भरात मराठीतच म्हणाल्या होत्या, हो गं, मी स्वतः आणून देईन.

"पार्वतीला विचारलंस?" त्यांचा आवाज अपेक्षेपेक्षा चढला. बशी घेऊन आलेली अक्षया, परीक्षितची बायको, दारातच थबकली.

"कोण पार्वती?"

"जिनं दिला ती. तिची पहिली फणी..."

तीन हिवाळे गोणपाट गुंडाळून जगवलेल्या त्या केळीला दिल्लीत एकदाच घड आला होता. सहा फण्या. त्याच आठवड्यात बढतीचं पत्र आलं, आणि पेढ्यांऐवजी आपल्या परसातली केळी, म्हणून त्यांनीच तो घड मिरवत डिपार्टमेंटात नेला. सगळ्यांनी वाहवा केली. परीक्षितनं दोन खाल्ली. वचन विसरल्या होत्या म्हणावं, तर तेही नाही... घडाला विळा लावताना पार्वती लख्ख आठवली होती. पण तीन दिवसांचा रेल्वेप्रवास, काळी पडतील, पुढच्या घडाच्या वेळी नक्की. पुढचा घड आला नाही. एक पत्रही त्यांनी टाकलं नाही.

"मावशी? कोण पार्वती?" परीक्षितचा चेहरा पहिल्यांदाच उतरला होता. बहुधा त्याला ती उकरलेली माती आठवली असावी.

आता बोलायचं. याला आज सोडायचं नाही, हे तर खरंच होतं. राग तसूभरही उतरला नव्हता. पण तोंड उघडलं की पार्वतीच्या बाजूनं बोलायला लागणार, आणि त्या बाजूला आपल्याला जागा कुठे उरली होती?

"होती एक," त्या म्हणाल्या. आणि दचकल्या — 'आपलंच' म्हणताना परीक्षितचा आवाज असाच हलका होता.

अक्षयानं बशी पुढे केली. इंदुमतीबाई नखात अडकलेला हिरवा कागद काढत राहिल्या.